दादाचा आवाज मला येत न्हवता

माझ्या नरड्यात आख्खी भवानी पेठ ऱ्हाती, मी तेवढा भाडेकरू हाय. मालकाचा खोकला, हवालदाराची शिवी, नळावरल्या बायांची भांडनं, गिरनीच्या पट्ट्याची फडफड, काय म्हनाल ते काढून दावतो. माझा सोताचा आवाज कसला हाय ते मातर इचारू नका. बायको म्हनायची, "तुमी झोपंत बी दुसऱ्याच्याच आवाजात बरळताय, मी नांदले कुनासंगट ते तरी सांगा." शाळंत मी दुसरीपत्तोर गेलो, ते बी गुर्जींचा आवाज शिकाया. आवाज आला, शाळा सुटली. म्हनून हे मी लिवत न्हाय, मी बोलतोय आन नात मोबाईलवर उतरवून घेतीया. मधी मधी थांबून म्हन्ती, "आजोबा, खरं सांगा हां." आता खरं कुटनं आनू बाई? ही गोष्ट मी च्याच्या टपरीवर येवढ्या तऱ्हेनं सांगितलीया की एका तऱ्हेत मी हिरीत उडी मारलीया आन दुसरीत मीच फौजदार हाय. आज जी सांगतोय ती कुनाला सांगितली न्हाय, येवढंच.

आमी मूळचे मंगळवेढ्याकडचे, मेंढरामागं हिंडनारे. आवाजाचा नाद मला तितं लागला. एखाद्या मेंढीचं कोकरू मेलं की ती दूध चोरती, दुसऱ्या कोकराला जवळ येऊ देत न्हाय. मग आज्जा मेल्या कोकराचं कातडं काढून पोरक्या कोकराच्या पाठीवर बांधायचा, आन मला मेंढीच्या मागं बसवून म्हनायचा, "वरड रं भिवा." मी मेलेल्या कोकरागत वरडायचो. मेंढी कान टवकारायची, मागं बघायची, कातडं हुंगायची आन थोड्या टायमानं पान्हा सोडायची. आज्जा मांडीवर थाप मारून म्हनायचा, "फसली!" तितंच चुलीपाशी आय बसल्याली आसायची, ती म्हनायची, "फसत न्हाय ती मामंजी. हुंगल्यावर कळतंयच की तिला. पर आल्यालं दूध कुटं घ्यून जाईल बिचारी." मी ल्हान व्हतो, मला फकस्त मेंढी फशिवल्याचा आनंद. गावभर बें बें करत हिंडायचो.

मग पावसानं दगा दिला, मेंढरं इकली, आमचा बाप, आबा, आमाला घ्यून सोलापुरात आला आन मागावर लागला. भवानी पेठंत एक खोली, म्होरं मोरी, मागं मालकाचं शेड. शेडात सकाळधरनं माग सुरू. खटाक-खट, खटाक-खट. जेवताना ताटातली शेंगाची चटनी थरथरायची. आय कडक भाकरी मोडायची तर मोडल्याला आवाज यायचा न्हाय, नुस्ती हातात दोन तुकडं दिसायची. पाव्हनं आलं की कानावर हात ठिवून जेवायचं, आन आमी गावाला गेलो की शांततेनं झोप लागायची न्हाय. आमच्या गल्लीत गुपित सांगायचं म्हंजे बोंबलून सांगायचं. कानाला तोंड लावून, नरडं ताणून. शेजारच्याला बी ऐकू जायचं न्हाय, म्हनून कुनी भ्यायचं न्हाय. भ्यायचं ते लाईटीला. लाईट गेली की समदे माग येकदम गप, आन ज्येच्या तोंडात जे वाक्य आसंल ते उघडं पडायचं. एकदा जॉबर, म्हंजे मागावरला मुकादम, कानात वरडत व्हता, "मालक लई चिक्कट हाय ओ!" आन "चिक्कट हाय ओ" म्हनताना लाईट गेली. मालक मागंच हुबा. तवापासनं आबानं आमाला शिकिवलं, लाईट गेली की आधी तोंड मिटायचं, मग मागाकडं बघायचं.

समोर अम्माचं घर. अम्मा म्हंजे अंबादासची आई. तेलुगू घर, नवरा कवाच वारल्याला, एकुलता एक पोरगा. दिसभर दारात बसून मांडीवर सूप घ्यायची आन बिड्या वळायची. कातरीनं पान कापायचं, तंबाखू घालायची, वळायचं, दोरा बांधायचा, हाताकडं बघायची बी न्हाय. बोलनं अर्धं मराठी, अर्धं तिचं. तिच्या घरात दुपारच्याला भात आन चिंचेचं आंबट चारू आसायचं, त्येच्यावर फोडनीत लसून. त्या वासानं मी आमच्या भाकरीवर थुकायचा बाकी राहायचो. मग मी एक धंदा सुरू केला. लाईट गेली आन गल्ली गप झाली की अम्माच्या घरामागं जायचं आन अंबादासच्या आवाजात हाक मारायची, "अम्माऽ! आकलि!" आकलि म्हंजे भूक. अम्मा आतनं म्हनायची, "वस्तुन्ना रा, बिड्डा!" म्हंजे आले रे लेकरा. ताट वाढून भायेर आनायची, तर म्होरं हुबा कोन? मी. मग झाडू. पर वाढल्यालं ताट काय ती परत न्यायची न्हाय. "भडव्या, माज्या पोराचा आवाज चोरतो," म्हनायची आन चारू वाढायची. असं करत करत अंबादासचा आवाज मला येवढा बसला, की कवा कवा खराच अंबादास हाक मारायचा तरी अम्मा बसल्या जागंवरनं म्हनायची, "जा रे भिवा, आज न्हाई भात." आमी दोघं बी हासायचो. अंबादास उपाशी हासायचा.

आता अंबादासचं सांगतो. मेल्यावर समदे चांगले व्हत्यात, म्हनून आधीच सांगून ठिवतो, त्यो चांगला पोरगा न्हवता. देखना, पर डोळ्यात लबाडी. आईच्या सुपातली तंबाखू चोरून इकायचा आन आईच्याच गळ्यात पडून रडायचा की कंपनीनं माप मारलं. लंगड्या कुत्र्याच्या शेपटीला डबा बांधायचा. माझा थोरला भाऊ मायाप्पा, त्येला मी दादा म्हनायचो, त्यो बी काय देव न्हवता. घरात आबाचे पाय चेपायचा आन शेडात नव्या पोराचा कान पिळून त्येच्याकडनं आपलं काम करून घ्यायचा. आन मी? मी ह्या दोघांचा चमचा. आमी तिघं मिळून शेडातनं सुताचे कोन चोरायचो. माझं काम कोपऱ्यावर हुबारून कुनी आलं की मालकाचा खोकला काढायचा. एकदा मालकच आला, खराखुरा खोकला, आन आतनं अंबादास म्हनला, "भिवा, आज खोकला बराबर न्हाय जमला बे." असली चोरी आमची.

माल ठिवायचो हिरीत. गल्लीच्या मागं रंगाच्या कारखान्याजवळ एक पडकी हीर व्हती. रंगाचं पानी त्याच हिरीत मुरायचं, म्हनून पानी एक दिस हिरवं, एक दिस जांभळं. पायऱ्या पडल्याल्या. आत निम्म्यावर दगडात एक देवळी व्हती, मानूस बसंल येवढी. दादा वरनं दोर धरायचा, अंबादास दोराला धरून उतरायचा, देवळीत कोन ठिवायचा, परत वर. मग दादा दोर गुंडाळून लिंबाजवळच्या भिंतीच्या खुंटीला लावायचा. गुंडाळायचा तो आज्जाच्या पद्धतीनं, कोपर आन अंगठ्यावरनं फिरवत, शेवटाला टोक पिळून वेढ्यात खोचायचं. मेंढराच्या मागं हिंडनारे असंच गुंडाळत्यात, म्हंजे अंधारात एका झटक्यात सुटतो. मागावरली मानसं दोराची नुस्ती जुडी करत्यात.

आन दादाचा आवाज मला येत न्हवता. गल्लीला ह्याचं लई नवल. "समद्यांचा काढतोस, मायाप्पाचा काढ की बे!" मी तोंड उघडायचो आन नुस्ती हवा यायची. पब्लिक हासायचं. आता कळतंय, आवाज काढायचा तर मानूस आधी मनात हलका करावा लागतो. मालकाला केला, हवालदाराला केला, बापाला सुदिक केला. दादा गावाकडं मला खांद्यावर बशिवून मेंढरामागं न्यायचा, माझ्या पायातले काटे दातानं काढायचा. त्येला हलका करायला मला जमलंच न्हाय.

अंबादास गेला त्या दिशी मी कुटं व्हतो? पोटाच्या मागं. कामावर दांडी मारून, घरात न सांगता, यस्टीनं अक्कलकोटला गेलो. मठात फुकटचा परसाद, पंगतीवर पंगत. भक्ती बिक्ती काय न्हाय, खीर. सांजच्याला पोट पुढं घ्यून गल्लीत आलो तर अम्मा दारात हुबी, कपाळावर हात धरून गल्लीच्या टोकाकडं बघालती. "अंबादासला बघितलास का रे? सकाळधरनं जेवला न्हाई." मी कसला मानूस बघा, तिच्या पाठीमागं सरकलो आन म्हनलो, "अम्माऽ! आकलि!" ती अशी फिरली, तिच्या तोंडावर जे काय आलं... मग मला बघून झाडू फेकून मारला आन हासली बी. ती तिची मी बघितल्याली शेवटची हासनी.

दुसऱ्या दिशी सकाळी रंगाच्या कारखान्यातल्या मानसानं हिरीत बघितलं. पानी त्या दिशी चादरीच्या लाल रंगाचं व्हतं. जास्त सांगत न्हाय. वर काढायला दोर पायजे म्हनून समदे वरडाय लागले, मी पळत लिंबाकडं गेलो. दोर खुंटीला व्हता. कोरडा. कोपर-अंगठ्याचा वेढा, टोक पिळून खोचल्यालं. मी झटक्यात सोडला आन घ्यून पळालो. त्या एका झटक्यात आज्जाची गाठ गेली. पर दोर खुंटीला व्हता हे अम्मानं बी बघितलं, ती माझ्या मागंच व्हती. हिरीत उतरल्याला मानूस दोर गुंडाळून भिंतीला कसा लावंल? तवापासनं तिला एकच कळायला पायजे व्हतं, आन ती येनाऱ्या जानाऱ्याला तेवढंच इचारायची, "दोर कोन वर घेतला?" भाजीवाल्याला, पोस्टमनला, कुनालाबी.

हवालदार आला, त्येनं गल्लीत खुर्ची टाकली आन एकेकाला इचारलं, काल कुटं व्हतास. दादा म्हनला, "मागावर, दिसभर." मालक म्हनला, "व्हय, मागावरच." खोटंच की, पर मालकाला शेडात पोलीस नको व्हते, शेडात इजेचं मीटर बी सरळ न्हवतं. माझी पाळी आली. मी म्हनलो, "सायेब, मी अक्कलकोटला. एका पंगतीला बसलो, भायेर आलो, टोपी फिरवली, परत दुसऱ्या पंगतीला. वाढपी म्हनला, तुला बघितल्यागत वाटतंय. मी म्हनलो, त्यो माझा जुळा भाऊ, लई खातंय येडं." हवालदार हासला. हवालदार हासला म्हनून गल्ली हासली. समोरच्या घरात मयत, आन मी हासं वसूल करालतो. तेवढ्यात अम्माच्या मांडीवरलं सूप खाली पडलं. तंबाखू समदी गटारीत. ती म्हनली, "तू काल हितं न्हवतास?"

"न्हवतो अम्मा."

"दुपारी? लाईट गेलती तवा?"

"न्हवतो की. सामींच्या पायाची शप्पत. कंडक्टरला इचारा."

ती माझ्याकडं बघत ऱ्हायली. मग खाली बसली आन सांडल्याली तंबाखू चिखलातनं एक एक चिमट गोळा कराय लागली. मला वाटलं, हिला माझा संशय व्हता, आता फिटला, बरं झालं. माझी अक्कल तेवढीच. हवालदारानं कागदावर लिवलं, पाय घसरून पडला. गेला.

दादा जॉबर झाला. त्येच्यासाठीच समदं झालतं, हे मला तवा म्हाईत न्हवतं. घरात त्यो जेवताना भाकरी कुस्करून नुस्ता बघत बसायचा. आय म्हनायची, "मोठा झालास म्हनून भाकरी नको व्हय आता?" माझ्या डोस्क्यात त्यो दोराचा वेढा फिरत व्हता. शेवटाला एक दिस शेडात, मी कांड्या भरत व्हतो, उठलो आन दादाच्या कानाला तोंड लावून वरडलो, "दादा, दोर तूच गुंडाळलास नव्हं?"

"चल हो बाजूला!"

"गाठ आपली व्हती दादा! आज्जाची!"

त्येनं माझ्याकडं बघितलं. समदे माग खटाक-खट चालल्याले, कुनाचं कुनाला ऐकू येत न्हाय. त्येनं माझं डोस्कं धरून कान जवळ वढला आन नरडं ताणून वरडला, "व्हय! अंबादास आत आसताना मीच वढला दोर वर!"

लाईट "अंबादास"ला गेली.

"...आत आसताना मीच वढला दोर वर!" येवढं वाक्य गप्प गल्लीत भिंतीला आपटून परत आलं. पट्टे फिरून फिरून थांबाय लागले. मोरीतला नळ टपकायला लागल्याला ऐकू आला. समोरच्या दारातनं अम्माच्या कातरीचा आवाज येत व्हता, त्यो बी बंद झाला. शेडातले समदे आमच्याकडं बघाय लागले. दादाचं तोंड अजून उघडंच. आबाची शिकवन त्येला ऐन टायमाला आठवली न्हाय.

मी काय केलं? जे मला येतंय तेच. मागाच्या चौकटीवर चढलो, दोनी हात वर केले आन म्हनलो, "काय पब्लिक! आला का न्हाय दादाचा आवाज शेवटी?"

मग मालक खोकला आन हासला. "आरं भाडकाव, जमला की बे! डिट्टो!" मग समद्यांनी धरलं. कुनी शिट्टी मारली. एकजन दादाच्या पाठीवर थाप मारून म्हनला, "मायाप्पा, तुझा बी बाजार उठिवला बघ." दादा हासला. "वनसमोर!" म्हनाले. मी म्हनलो, "एकदाच आसतंय बे, नरडं काय मागावर वळल्यालं न्हाय." लाईट आली, माग सुरू झाले, आन त्या आवाजात समदे सुटले. मला ठाव हाय, त्यातल्या निम्म्यांना कळालं व्हतं. पर मालकाला शेड चालवायचं व्हतं आन बाकीच्यांना त्येच्या शेडात काम पायजे व्हतं, आन मी तर हासायला कारन काढूनच दिलं व्हतं. मी भायेर बघितलं. अम्माच्या दारात सूप व्हतं, अम्मा न्हवती. त्या दिसापासनं तिनं दोराचं इचारलं न्हाय. कुनालाच न्हाय.

गल्लीतली कुजबुज हवालदाराच्या कानावर गेलीच. परत आला. म्हनला, "काढ बे मायाप्पाचा आवाज, बघू." मी म्हनलो, "सायेब, त्यो काय काढायचा, तुमच्या फौजदाराचाच काढतो." काढला. फौजदार बायकोशी फोनवर कसा बोलतो ते काढलं. हवालदाराच्या डोळ्यातनं पानी आलं हासून हासून. च्या पिला, मलाबी पाजला, गेला. कायदा म्हन्त्यात त्यो असा एका कपात बुडाला.

दादा ऱ्हायला न्हाय सोलापुरात. जॉबरकी सोडून मंगळवेढ्याला परत गेला, दुसऱ्याच्या मेंढरामागं. कवा भेटला की येगळंच सांगायचा. एकदा म्हनला, अंबादास मालकाला जाऊन चोरीचं समदं सांगनार व्हता, मग कशाची जॉबरकी. म्हनून भ्या दावायला दोर वढला, जेवनाच्या सुट्टीत परत सोडनार व्हतो, पर मालकानं सुट्टीच दिली न्हाय. दुसऱ्यांदा म्हनला, अंबादासच म्हनला व्हता, दोर वर घे, कुनीतरी येतंय. मरायच्या आधी खाटंवर पडल्यावर म्हनला, "भिवा, मी सुट्टीत गेलतो. वाकून बघितलं. त्यो देवळीत बसल्याला, मला शिवी दिली त्येनं. मी म्हनलो, बस मग अजून थोडा." ह्यातलं खरं कंचं, मला म्हाईत न्हाय. नात इचारतीया, "तुम्हाला कुठलं खरं वाटतं?" मला समदी खरी वाटत्यात बाई, तीच तर पंचाईत हाय.

मी त्येच आवाजावर जगलो. लग्नाच्या वरातीत, गनपतीच्या मांडवात, माईकवर समद्या जगाचे आवाज काढले. अंबादासचा एकदाबी काढला न्हाय. अम्माच्या दाराम्होरनं मान खाली घालून जायचो. गल्ली बदलली. शेडं बंद पडली, मागांची भंगारात मोड झाली, हीर मुरूम टाकून बुजिवली, त्येच्यावर आता टेम्पो लावत्यात. दुपारच्याला गल्ली अशी गप आसती की घड्याळ ऐकू येतंय. अम्मा लई म्हातारी झालती, बोटं वाकडी झालती, बिड्या वळता येत न्हवत्या, तरी मांडीवर रिकामं सूप घ्यून दारात बसायची. एक दिस मी जाताना तिनं हाक मारली.

"भिवा. ये हिकडं. बस."

बसलो. म्हनलो, "अम्मा, चारू हाय का?" काय बोलावं कळंना म्हनून.

ती हासली न्हाय. म्हनली, "मायाप्पा गेला म्हनं."

"व्हय. म्हैना झाला."

"त्या दिशी शेडात त्यो वरडला, तू न्हाई. तुला कुटं येतोय त्याचा आवाज. आख्ख्या गल्लीला म्हाईत व्हतं."

मी म्हनलो, "मग तवाच बोलली का न्हाईस अम्मा? पोलिसाला का न्हाई सांगितलंस?"

ती सुपावरनं हात फिरवत ऱ्हायली, जसं त्यात पानं हायत. "सांगितलं आसतं तर पोलीस इचारला आसता, तू कुटं व्हतीस. मी हितंच व्हते रे. दारात. त्या दुपारी लाईट गेली, माग थांबले आन हाक आली. अम्मा. अम्मा. मागनं, हिरीकडनं. मी म्हनलं, जा रे भिवा, आज न्हाई भात." तिनं श्वास घेतला. "परत आली हाक. मी म्हनलं, मर तिकडं, भडव्या. मग लाईट आली. मी बिड्या वळत बसले. दुसऱ्या दिशी तू हवालदाराला सांगत व्हतास, अक्कलकोटची खीर."

मला तवा सूप पडल्याला आवाज आठवला. मी तिचे पाय धरायला गेलो, तिनं पाय मागं घेतले.

"तसलं काय नको. तुझं सोंग बघून बघून कट्टाळले मी." मग म्हनली, "तुला येतोय ना अजून? त्याचा आवाज?"

"न्हाय अम्मा. गेला."

"खोटं बोलू नको. तुझ्या नरड्यातनं काय जात न्हाई." तिनं गल्लीच्या मागं बोट केलं. "तितं जा. टेम्पो लावत्यात तितं. आन हाक मार. आता माग न्हाईत, ऐकू येतंय मला."

मी गेलो. दुपारची टळटळीत येळ. लिंब अजून हाय, भिंत हाय, खुंटी गंजून पडल्याली. टेम्पोच्या आडोशाला हुबा ऱ्हायलो. पन्नाशीच्या वरचा गडी मी, पोट सुटल्यालं, तोंडात कवळी. तोंड उघडलं तर आधी नुस्ती हवा आली. मग आला. तसाच आला, सतरा वर्साचा, थोडा नाकातला, लाडात आल्याला. "अम्माऽ!"

गल्लीत काय हाललं न्हाय. परत मारली. "अम्माऽ! अम्माऽ!"

मग सूप खाली ठिवल्याला आवाज आला. "वस्तुन्ना रा," अम्मा आतनं म्हनली. "वस्तुन्ना, बिड्डा."

ती भिंतीला धरून उठली आसंल, चपला न घालताच निघाली, कारन पाय घासल्याला आवाज येत व्हता. लई हळू येत व्हती. दोन घरं आन एक वळन, पर तिला ते सरंना. मधीच थांबायची, दम खायची. ती थांबली की मला वाटायचं, आता परत फिरंल, म्हनून मी आणखी हाक मारायचो. ती वळनावर दिसली, पदर खांद्यावरनं पडल्याला, एक हात म्होरं. तिनं मला बघितलं. मीच व्हतो, भिवा, टेम्पोला धरून रडत हुबा. ती थांबली न्हाय. मी त्येच आवाजात हाका मारत ऱ्हायलो, ती पोचेपत्तोर.

पोचली, आन धापा टाकत माझ्या तोंडावर हात ठिवला, गप करायला ठिवत्यात तसा.

"आले की रे," म्हनली, "किती वरडतोस."